सगळ्यात लाल ठिपका

जळगाव,
६ जुलै २०२५

चेलना,

जय जिनेंद्र. फोनवर तू मला ब्लॉक केलंस त्याला पावणेदोन वर्षं होत आली. टपालखात्यात अजून ती सोय निघालेली नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या सासरचा पत्ता तरुणने दिला. "मी दिला म्हणून सांगू नका" असंही म्हणाला. तेव्हा भावावर चिडू नकोस, जे चिडायचं ते माझ्यावर.

दलिचंदकाका कसे आहेत? चंदनकाकूंचा गुडघा? काका-काकू तरुणकडे धुळ्याला गेले तेव्हापासून आमच्या घराचं दार उघडलं की समोर तुमच्या किराण्याच्या जागी मोबाइलचं दुकान दिसतं. दिवसभर कसलीतरी गाणी लावतात. आईने समोरच्या खिडकीला पडदा लावलाय. उन्हासाठी म्हणते, पण ऊन मागच्या बाजूने येतं.

परवा तानुबाई आली होती. आईबरोबर डाळमिलमध्ये डाळ निवडायची ती, पारोळ्याकडची. दारातच उभी राहून मला म्हणाली, "माय, तुना नकाशा चांगला शे, पन आते दहा रुप्यानी डाळ कोन देई? बठ्ठा पाकीटच देतस." खरंच आहे, दहा रुपयांची सुटी डाळ आता कुणीच देत नाही. मी तिला चहा विचारला. ती नको म्हणाली. तानुबाई चहाला नको म्हणते हे मी पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. चेलना, तुला वाटतं मी काकांचं वाईट केलं. एक लक्षात घे, नकाशात जे होतं ते लोकांनी पाठवलेलं होतं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, मला कुणाशी वैर करायला वेळ कुठे? लोकांनी किराण्याच्या भावांचे फोटो पाठवले, माझ्या विद्यार्थ्यांनी ते भरले, मी ते मांडले. दोनशे चौदा दुकानं होती. त्यातलं एक तुमचं.

एवढंच सांगायचं होतं. उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

संघमित्रा


जळगाव,
१३ जुलै

चेलना,

मागचं पत्र टाकलं आणि पोस्टाच्या पायऱ्या उतरतानाच लाज वाटली. एखादी सरकारी नोटीस लिहावी तसं लिहिलं मी. पेटीत हात घालून काढता आलं असतं तर काढलं असतं.

तर आता नीट सांगते. तू त्या वेळी माझं एक वाक्यही ऐकून घेतलं नव्हतंस. बरोबरच होतं तुझं.

नकाशा कसा होता? जळगाव शहराचा नकाशा, त्यावर प्रत्येक किराणा दुकानाचा एक ठिपका. तूरडाळ, साखर, चहा, पोहे अशा दहा वस्तू घ्यायच्या, प्रत्येकीचा किलोचा भाव काढायचा, सगळ्यांची सरासरी घ्यायची. स्वस्त दुकान हिरवं, मधलं पिवळं, महाग लाल. बोट ठेवलं की दुकानाचं नाव आणि भाव. बायांनी घरबसल्या बघावं आणि जिथे स्वस्त तिथे जावं, एवढा साधा विचार. आईसारख्या बायांसाठी म्हणूनच केला होता गं. पहिल्या महिन्यात नऊ हजार फोटो आले. मी हवेत होते.

आता काकांच्या दुकानात काय चालायचं ते तुला मी काय सांगू! पहाटे सहाला शटर वर. मिलला निघालेल्या बाया दहा रुपयांची डाळ, पाच रुपयांचा चहा, असं घेणार. आठवड्याचा किराणा भरायची ऐपत कुणाची नाही, आजचा स्वयंपाक आज. काकांच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं: तूरडाळ १० रु. ५० ग्रॅम. माझ्या कॉलेजच्या पोरांनी त्या फळ्याचा फोटो काढला. पन्नास ग्रॅम दहाला, म्हणजे किलो दोनशेला. त्याच दिवशी हायवेवरच्या मॉलमध्ये पाच किलोची पिशवी, किलोला दीडशे. संगणकाला काय कळणार की पाच किलोची पिशवी घेणारा गाडीने येतो आणि पुडी घेणारी पायी!

मला कळायला हवं होतं. पुडीवर वाढलेली मुलगी मी.

आणि रंग मी निवडले. महागातल्या पहिल्या दहा दुकानांना नुसता लाल आणि सगळ्यात वरच्याला गडद लाल. त्याचा आकारही मोठा, कारण तिथून नोंदी जास्त आल्या होत्या. गिऱ्हाईक जास्त म्हणून नोंदी जास्त, आणि नोंदी जास्त म्हणून ठिपका मोठा. बघणाऱ्याला वाटणार लूट मोठी. 'शहरातलं सगळ्यात महाग दुकान' हे पेपरात छापून आलं तेव्हा ते वाक्य माझंच होतं, बातमीदाराने नुसतं उचललं.

पुढचं तुला पाठ असेल. पोरं दुकानासमोर उभी राहून रील काढायची, "हेच ते दुकान" म्हणून. शटरवर कुणीतरी 'लुटारू' लिहिलं, चंदनकाकूंनी ते रॉकेल लावून पुसलं. काका कुणाला काही बोलले नाहीत. विचारलं की नुसते हसायचे. मी घरातून बघत होते. मला वाटलं, न बोलणं म्हणजे कबूल करणं.

ज्या माणसाने चाळीस वर्षं कमावलं ते नाव मी एका ठिपक्यात घालवलं. ते मला परत करायचं आहे, चेलना. दुकान नाही परत करता येणार, नाव तरी.

संघमित्रा


जळगाव,
२० जुलै

चेलना,

तू उत्तर देणार नाहीस हे धरून चालले आहे. त्यामुळे आज खरं लिहायला सोपं जातंय.

मागच्या पत्रात मी 'मला कळायला हवं होतं' असं लिहिलं. किती सोज्वळ वाक्य आहे! मला कळलं होतं.

आपण दोघी चौथी-पाचवीत असताना काकांच्या गल्ल्यामागे गोणीवर बसून अभ्यास करायचो. काका डाळ मापायचे. काटा स्थिर व्हायचा आणि मग काकांचा हात पुन्हा एकदा गोणीत जायचा. त्या वेळी ते गिऱ्हाईकाकडे बघायचे नाहीत. काहीतरी भलतंच विचारायचे, "पोराची परीक्षा झाली का" वगैरे, आणि तेवढ्यात मूठभर डाळ कागदावर पडायची, पुडी बांधून व्हायची. तू एकदा मोठ्याने म्हणालीस, "पप्पा, तुम्ही जास्त टाकली." आठवतं? काकांनी तुला आयुष्यात एकदाच चापट मारली, ती तेव्हा. मग आपल्याला दोघींना गूळ दिला आणि म्हणाले, या हाताचं त्या हाताला कळू नये.

नकाशा चालू असताना काही बायांनी गंमत म्हणून पुडी मिलच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून फोटो पाठवले होते. तानुबाईचाही होता. अडुसष्ट ग्रॅम. एकाहत्तर ग्रॅम. सत्तर. अशा अकरा नोंदी. फळ्यावर पन्नास आणि काट्यावर सत्तर, तेव्हा मी त्या 'सदोष नोंदी' म्हणून बाजूला काढल्या. आमच्यात अशी रीत असते, बाकीच्यांशी न जुळणारा आकडा आधी संशयित. वर्गात मी अभिमानाने शिकवते हे.

मग पुण्याच्या एका संस्थेने नकाशाला पुरस्कार जाहीर केला. दोन ऑक्टोबरला समारंभ. आदल्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. आईने सकाळी आणलेली पुडी ओट्यावर तशीच होती, न सोडलेली. केक करायला घेतलेला छोटा काटा शेजारीच. मी पुडी उचलून त्यावर ठेवली. कागदासकट बाहत्तर, कागद सोडून सत्तर.

सत्तर ग्रॅम दहाला. किलोला एकशे त्रेचाळीस. मॉलपेक्षा सात रुपये कमी. गावातलं सगळ्यात स्वस्त दुकान होतं ते, चेलना.

आणि दुसऱ्या दिवशी मी पुण्यात स्टेजवर उभी राहिले आणि मागे पडद्यावर तो लाल ठिपका होता. तो काढला असता तर सांगण्यासारखं काही उरत नव्हतं. बाकी सगळी दुकानं दोन-पाच रुपयांच्या फरकात. नुसता पिवळा नकाशा कुणी बघितला असता? मी मनाशी म्हटलं, एका पुडीवरून काही ठरत नाही, परत आल्यावर नीट तपासू. परत आल्यावर सत्कार होते. मग पेपर तपासायचे होते. मग तुमचं शटर खाली आलं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. आणि मग तपासून काय करायचं, असं झालं.

आईला हे परवा सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. एवढंच म्हणाली, "त्यानी डाळ खाईसन मोठी व्हयनी तू."

संघमित्रा


जळगाव,
३ ऑगस्ट

चेलना, चेलना,

झालं! त्या अकरा नोंदी मी परत घेतल्या. दोन वर्षांपूर्वीचा जुना नकाशा पुन्हा मांडला आणि नवा त्याच्या शेजारी ठेवला. तुमचा ठिपका आता गडद हिरवा आहे, सगळ्या शहरात सगळ्यात हिरवा. खाली मी स्वतःच्या नावाने कबुली लिहिली: चूक माझी, लोकांची नाही. दलिचंदजी पुडीमागे वीस ग्रॅम जास्त टाकत, ते मी धरलं नव्हतं.

त्याच पेपराने छापलं. या खेपेला आतल्या पानावर, पण फोटोसकट. कॉलेजात प्राचार्य माझ्याशी जरा कोरडं बोलतात, पुरस्कारवाल्यांचं खुलासा मागणारं पत्र आलंय, येऊ दे. फेसबुकवर बघ लोक काय लिहितात काकांबद्दल! देवमाणूस म्हणतात. रील काढणाऱ्या पोरांपैकी एकाने माफीची रील काढली. एकाने हिशेबही मांडलाय, रोज दोनशे पुड्या धरल्या तर चाळीस वर्षांत किती क्विंटल डाळ फुकट वाटली म्हणून. त्याचा तक्ता करून मीही टाकला. लोकांना तो फार आवडला.

तानुबाईने आज चहा घेतला.

हे पान काकांना दाखवशील? कात्रण सोबत जोडलंय. मला दोन वर्षांनी पहिल्यांदा बरी झोप लागली.

तुझी,
संघमित्रा


जळगाव,
१४ ऑगस्ट

चेलना,

तुझं कार्ड मिळालं. पावणेदोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. पाकीट फोडेपर्यंत मी हसत होते, वेडी.

तू लिहिलेलं मी इथे पुन्हा उतरवून काढते आहे, म्हणजे मला ते पुन्हा पुन्हा वाचावं लागेल. "संघमित्रा, तुझा हिरवा ठिपका शेजारच्यांनी पप्पांना मोबाइलवर दाखवला. ते उठून आत गेले. दोन दिवस जेवले नाहीत. मम्मीने फार विचारलं तेव्हा म्हणाले, मोजलेलं दान कसलं दान? लोक लुटारू म्हणत होते तेव्हा हे एक वाक्य सांगितलं असतं तर दुकान राहिलं असतं. ते सांगायचं नव्हतं म्हणून त्यांनी दुकान जाऊ दिलं. तेवढं एकच त्यांच्याकडे उरलं होतं. त्याचा तू तक्ता केलास."

म्हणजे ते न बोलणं कबुली नव्हती. मी खिडकीतून बघत होते आणि मला काहीच दिसत नव्हतं.

आज सकाळी सगळं काढून टाकलं. हिरवा ठिपका, लाल ठिपका, तक्ता, जुना नकाशा, नवा नकाशा. पेपर काही मागे घेता येत नाही. लोकांनी तक्त्याचे फोटो काढून ठेवलेत, ते फिरताहेत. काल कुणीतरी मलाच पाठवला, खाली हात जोडलेले.

आधी चुकीचं मापून मी त्यांचं दुकान घालवलं, मग बरोबर मापून त्यांचं पुण्य. तुला वाटेल मी हे छान वाक्य सुचलं म्हणून लिहिलंय. तसं नाही गं. मी रात्रंदिवस हेच घोकतेय आणि मला दुसरं काही सुचत नाही.

एकदा तरी विचारायचं होतं मी त्यांना. दोन्ही वेळा. पहिल्यांदा विचारलं नाही कारण उत्तर नको होतं. दुसऱ्यांदा विचारलं नाही कारण मला वाटलं मी आनंदाची बातमी देतेय.

संघमित्रा


जळगाव,
२९ ऑगस्ट

चेलना,

काल मी धुळ्याला येऊन गेले. तुला आधी कळवलं असतं तर तू येऊ नकोस म्हणाली असतीस, आणि तू म्हणालीस तर मला थांबावं लागलं असतं. काका तुला यातलं काही सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. ते तुला माहीत असायला हवं.

आईनेच पाठवलं. "संवत्सरी व्हयनी त्यासनी, आते जाय," म्हणाली. तुला माहीत आहे, दर वर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी काका रस्ता ओलांडून आमच्या दारात यायचे आणि वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायला आईपुढे हात जोडायचे. आई पार गोंधळून जायची. "अहो शेठजी, तुमचं काय चुकलं?" गेल्या वर्षी ते आले नाहीत, कारण गावच सोडलं होतं. आई म्हणाली, या वर्षी आपण जायचं.

एसटीला गणपतीची गर्दी होती. तरुणच्या घरी पोचले तेव्हा साडेदहा झाले असतील. त्याने दार उघडलं आणि बाजूला झाला. काका पुढच्या खोलीत पलंगावर बसले होते. उपासाचं पारणं नुकतंच झालेलं, चेहरा उतरलेला. वाळलेत फार.

मला बघून म्हणाले, "ये बेटा. आई बरी आहे ना, रुक्माबाई?"

मी खाली वाकायच्या आत ते पलंगाच्या काठाला धरून उभे राहिले आणि माझ्यापुढे हात जोडले. माझ्यापुढे, चेलना! "मिच्छामि दुक्कडम्," म्हणाले. "वर्षभरात जाणता-अजाणता माझ्याकडून तुझं मन दुखावलं असेल तर क्षमा कर."

मला रडू फुटलं. चंदनकाकू पाणी घेऊन आल्या, त्यांनी पेला माझ्या हातात दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "काका, तुमचं कसलं जाणता-अजाणता? माझं सांगते. मी अजाणता नाही केलं. मला ठाऊक होतं." आणि सगळं सांगितलं. गोणीवर बसून बघितलेलं, अकरा नोंदी, ओट्यावरची पुडी, पुण्याचं स्टेज. तुला पत्रात लिहिलं होतं तेच, पण पत्रात लिहिणं फार सोपं असतं.

ते ऐकत होते. मध्ये एकदाच बोलले, "तो ठिपका काढलास ना? बरं केलंस." माझं सांगून संपलं. मग विचारलं, "पुडी कधी मापलीस म्हणालीस?"

"पुरस्काराच्या आदल्या दिवशी. एक ऑक्टोबरला."

"म्हणजे दुकान चालू होतं तेव्हा."

"हो."

"मग यायचंस ना माझ्याकडे. तुझ्यापासून काय लपवायचं होतं, तू तर बघितलेलंच होतंस." ते रागावून बोलत नव्हते. एखादी वस्तू दुकानात शिल्लक असताना गिऱ्हाईक न विचारता परत गेलं की बोलायचे तसं बोलत होते. "फळ्यावर पन्नास लिहिलं होतं, तिथे सत्तर लिहिलं असतं. खडूचंच तर काम. तुझा आकडा बरोबर झाला असता, बायांना काही कळलं नसतं, आणि माझंही झाकलेलं राहिलं असतं." मग थोडंसं हसले. "सत्तरवर पुन्हा काही पडलं असतं ते वेगळं."

तरुण उठून बाहेर गेला. मी 'क्षमा करा' म्हणाले. काका म्हणाले, "ती तर कालच केली सगळ्यांना. आता चहा घे." चंदनकाकूंनी चहा आणला. मी घेतला, संपवला, नमस्कार करून निघाले.

चेलना, तू मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही. काकांचा धर्म त्यांना करायला लावतो, तुझ्यावर मी ते लादू इच्छित नाही. तू रागावलेलीच राहा, कुणीतरी राहायला हवं. फक्त त्यांनी मला काय सांगितलं ते तुला सांगायचं होतं.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. एक ऑक्टोबरपासून धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसापर्यंत मी बोटांवर मोजत आले. एकोणचाळीस दिवस होतात. एकोणचाळीस दिवस ते रोज सकाळी सहाला दुकान उघडत होते, आणि मी समोरच्या घरात जागी होते.

संघमित्रा